धूळ खात पडलेली वीज

तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल (लेडीज हॉस्टेल)

'धूळ खात पडणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं धूळ खात पडतात. फर्स्ट इयरचा ड्राफ्टर कॉटखाली धूळ खात पडतो. पण यातली कुठलीच वस्तू धूळ खाऊन फारशी बिघडत नाही. ड्राफ्टर झटकला की ज्युनिअरला विकता येतो! एक वस्तू मात्र अशी आहे की ती धूळ खाते आणि त्याची किंमत रोज थोडी थोडी आपल्याकडून वसूल करते. ती म्हणजे गच्चीवरचं सोलर पॅनेल.

आता हॉस्टेलमध्ये 'सोलर' म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते आंघोळीचं गरम पाणी. "सोलर आलं का गं?" म्हणजे नळाला गरम पाणी आलं का. तो वॉटर हीटर वेगळा. मी लिहिणार आहे वीज तयार करणाऱ्या पॅनेलबद्दल, म्हणजे पुस्तकी भाषेत फोटोव्होल्टाइक पॅनेलबद्दल. ते आवाज करत नाही, धूर सोडत नाही, त्यात फिरणारा एकही भाग नाही. त्यामुळे एकदा बसवलं की पंचवीस वर्षं बघायला नको, असा सगळ्यांचा समज. आणि तिथेच गडबड होते.

एक 'डस्ट', दहा नावं

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे सगळ्याला एकच शब्द, 'डस्ट'. हा विषय वाचायला लागल्यावर मात्र लक्षात आलं की मराठीत आपण किती बारकाईने फरक करतो. रस्त्यावरून उडते ती धूळ. उन्हात तापलेला, पाय रुततील असा तो फुफाटा. चुलीची, भट्टीची ती राख. दिव्याच्या काचेवर धरते ती काजळी. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे थर चढतात ते क्षार. शिवाय पराग, शेवाळ आणि कबुतरांची कृपा आहेच.

गंमत म्हणजे पॅनेललाही हा फरक कळतो! 'पॅनेल घाण झालं की किती टक्के वीज कमी होते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. घाण कसली आहे, काचेवर कुठे बसली आहे आणि कधीपासून आहे, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की 'रोज धुवा' हेही खरं नाही आणि 'पाऊस धुऊन टाकतो, काळजी नको' हेही खरं नाही. आपल्या गच्चीचा आकडा आपणच काढायचा असतो, आणि तो काढणं अजिबात अवघड नाही.

रवा आणि मैदा

पॅनेलच्या वरच्या बाजूला काच, तिच्याखाली पारदर्शक प्लास्टिकचा थर आणि त्यात बसवलेले सिलिकॉनचे सेल. सेलवर जितका प्रकाश पडेल तितका करंट मिळतो, हे साधं प्रमाण. काचेवर कण बसले की काही प्रकाश कण शोषून घेतात आणि काही प्रकाश भलतीकडे विखुरतो. सेलपर्यंत पोहोचतो तो उरलेला.

आता एक प्रयोग मनातल्या मनात करा. मेसच्या किचनमधून एक चमचा रवा आणि तितक्याच वजनाचा मैदा आणा आणि दोन ताटांत पसरा. कुठलं ताट जास्त झाकलं जाईल? अर्थात मैद्याचं. गणिताने पाहा: कणाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच वजनात कणांची संख्या आठपट होते, आणि प्रत्येक कणाची सावली एक-चतुर्थांश होते. आठ भागिले चार म्हणजे दोन. वजन तेच, सावली दुप्पट! म्हणून जाड वाळूपेक्षा बारीक धूळ जास्त नुकसान करते, आणि काळी, अतिशय बारीक काजळी त्याहून जास्त. सौदी अरेबियात रियाधच्या संशोधकांनी १९९३ मध्ये चुनखडी, सिमेंट आणि कार्बन यांची तुलना प्रयोगशाळेत केली होती. तेवढ्याच वजनाला बारीक कार्बन सगळ्यात वाईट ठरला.

जागेप्रमाणे आकडे किती बदलतात, ते दोन उदाहरणांवरून कळेल. १९४२ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळ हॉटेल आणि वोर्ट्झ (हो, आडनाव खरंच हॉटेल!) या संशोधकांनी पाणी तापवायच्या सोलर कलेक्टरवर धुळीचा परिणाम मोजला. नुकसान निघालं सरासरी साधारण १ टक्का, जास्तीत जास्त ४.७ टक्के. तिथे पाऊस बारा महिने पडतो, शिवाय काच ३० अंश तिरकी. त्यामुळे 'धूळ म्हणजे किरकोळ गोष्ट' हा समज बराच काळ टिकला.

पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ आणि आपलं आयआयटी गांधीनगर यांचं काम प्रसिद्ध झालं. काही आठवडे न धुतलेली पॅनेल धुतल्यावर उत्पादन दरवेळी सुमारे ५० टक्क्यांनी वाढत होतं. (५० टक्के वाढ म्हणजे आधी ५० टक्के घट, असं नाही बरं का. १०० चे ६७ झाले होते, त्या ६७ चे परत १०० झाले. म्हणजे घट एक-तृतीयांश.) काचेवरच्या घाणीचं रासायनिक विश्लेषण केलं तेव्हा त्यात साधारण ९२ टक्के साधी धूळ निघाली. बाकीचं होतं माणसाने हवेत सोडलेलं प्रदूषण. पण हे उरलेले थोडेसे कण इतके बारीक आणि चिकट की त्यांचा वाटा वजनाच्या मानाने फार मोठा होता.

बोस्टन आणि गांधीनगर. विज्ञान तेच, काच तीच, आणि उत्तरं कुठल्या कुठे!

धुळीने संपलेली यंत्रं

अजून कोणाला धूळ किरकोळ वाटत असेल तर मंगळावर चला. नासाचं 'इनसाइट' यान नोव्हेंबर २०१८ मध्ये मंगळावर उतरलं. त्याच्या पॅनेलमधून सुरुवातीला दिवसाला सुमारे ५००० वॉट-अवर ऊर्जा मिळायची. २०२२ च्या मे महिन्यापर्यंत ती साधारण ५०० वर आली. सूर्य तोच, पॅनेल तेच. फरक फक्त साठलेल्या लाल धुळीचा. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मोहीम संपली. धुवायला तिथे कोण जाणार?

तरी इंजिनिअर लोकांनी २०२१ मध्ये एक भन्नाट युक्ती केली होती. यानाच्या रोबो हाताने पॅनेलजवळ वाऱ्यात जाड वाळू हळूहळू सोडली. वाऱ्याने ते जाड कण पॅनेलवरून घरंगळत गेले आणि जाताना बारीक धूळ सोबत घेऊन गेले. दिवसाला साधारण ३० वॉट-अवर वाढले. धुळीने धूळ झाडली! पृथ्वीवर आपल्याकडे वारा आहे, पाऊस आहे, बादली आहे, फडकं आहे. आपल्याला तक्रार करायला जागा नाही.

मेसची लाईन आणि कबुतर

सगळीकडे सारखी धूळ बसली तर हिशेब सोपा असतो. १० टक्के प्रकाश अडला की साधारण १० टक्के वीज गेली. खरा घोटाळा होतो तो ठिपक्यांमुळे.

पॅनेलमधले सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये ६० किंवा ७२. सिरीजचा नियम आपण बारावीपासून घोकतोय: सगळ्यांतून करंट एकच. मेसच्या लाईनसारखं समजा. मधल्या एका पोराने भाजीच्या भांड्यापाशी थांबून बटाटे निवडायला सुरुवात केली की मागची अख्खी लाईन थांबते. पुढचे वाढपी कितीही चपळ असोत! तसंच, एका सेलवर कबुतर शिटलं आणि तो सेल निम्मा झाकला, तर त्याचा करंट निम्मा होतो आणि त्याच्या रांगेतल्या बाकी सेलना तो अडवतो.

यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या डब्यात बहुतेक वेळा तीन बायपास डायोड असतात. ६० सेलचं पॅनेल असेल तर २०-२० सेलचे तीन गट. एक गट अडला की त्याचा डायोड करंटला बाजूने वाट करून देतो. म्हणजे एका सेलवरच्या घाणीपायी पॅनेलचा एक-तृतीयांश भाग बाद होऊ शकतो, पण निदान उरलेला दोन-तृतीयांश चालू राहतो. डायोड नसेल किंवा खराब असेल, तर तो झाकलेला सेल वीज देण्याऐवजी बाकीच्यांची वीज खाऊन तापतो. याला हॉट स्पॉट म्हणतात. त्याने सेल कायमचा खराब होऊ शकतो, मागचं प्लास्टिक करपू शकतं.

यातून एक गोष्ट निघते, जी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा गच्चीवर उभं राहून जास्त नीट समजली. पॅनेलच्या खालच्या कडेला फ्रेमची छोटी उंची असते. दव आणि थोडासा पाऊस धूळ खाली आणतो आणि ती त्या कडेला अडून चिखलाची पट्टी तयार होते. जुन्या पद्धतीच्या पूर्ण सेलच्या पॅनेलमध्ये तीनही गट लांबीच्या दिशेने धावतात. पॅनेल उभं बसवलं असेल तर ही चार बोटांची पट्टी तीनही गटांच्या शेवटच्या सेलवर येते, म्हणजे अख्खं पॅनेल अडलं! तेच आडवं बसवलं असेल तर फक्त खालचा एक गट अडतो. घाण तेवढीच, पण नुकसान कितीतरी वेगळं. अलीकडच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेले असतात, त्यामुळे तिथे हे नुकसान कमी होतं. तरीसुद्धा खालची कड साफ ठेवणं हे काम कधीच वाया जात नाही. वेळ कमी असेल तर आधी कडा आणि कबुतरांचे ठिपके, मग बाकीचं!

व्होल्टेज फसवतं

आता एक घरची गोष्ट. माझे मामा सांगली जिल्ह्यात ऊस करतात. विहिरीवर सोलर पंप आहे. २०२५ च्या जानेवारीत पंप सकाळी उशिरा सुरू व्हायला लागला आणि दुपारी लवकर मान टाकायला लागला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मल्टिमीटर लावून पॅनेलचं व्होल्टेज बघितलं, ते जवळपास पूर्ण होतं. तो म्हणाला, "पॅनेल ओके आहेत, मोटर गेली. वर काढायला लागंल." मोटर काढायची म्हणजे माणसं आली, खर्च आला, आणि तेवढे दिवस उसाला पाणी नाही. मामांनी पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती.

मी सुट्टीत तिथे गेले तेव्हा मामांनी हाक मारली, "इंजिनिअर बाई, जरा आमचा पंप बघा." पॅनेलवर बोट फिरवलं तर बोट काळं झालं. आजूबाजूच्या रानात तोडणी होऊन पाचट जाळलेलं. बाजूच्या मुरमाच्या रस्त्याने दिवसभर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. काजळी, धूळ आणि पहाटेचं दव, तिन्ही मिळून काचेवर पक्का लेप बसला होता.

मग व्होल्टेज पूर्ण कसं आलं? इथेच इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं प्रकरण कामाला येतं. सोलर सेल म्हणजे एक डायोड. त्याचा करंट प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतो, पण ओपन सर्किट व्होल्टेज लॉगरिदमच्या प्रमाणात. प्रकाश निम्मा झाला तर करंट निम्मा होतो, पण व्होल्टेज प्रत्येक सेलमागे फक्त १८ ते २० मिलिव्होल्टने उतरतं. ३६ सेलच्या छोट्या पॅनेलचं व्होल्टेज साधारण २१ असतं. त्यात अर्धा प्रकाश गेला तरी पाऊण व्होल्टसुद्धा कमी होत नाही! नुसतं व्होल्टेज बघून पॅनेल ठीक ठरवणं म्हणजे टाकीचा नळ न उघडता नुसती उंची बघून 'पाणी भरपूर येतंय' म्हणण्यासारखं आहे.

आणि पंपाची वेळ का कमी झाली? पंप सुरू व्हायला ठरावीक पॉवर लागते. स्वच्छ काचेतून ती सकाळी लवकर मिळते. घाणेरड्या काचेतून तीच पॉवर मिळायला सूर्य आणखी वर यावा लागतो. संध्याकाळी उलट. म्हणून घरच्या सिस्टीमला धूळ दिसते ती युनिट कमी पडण्यात, आणि शेतकऱ्याला दिसते ती पंपाचे तास कमी होण्यात.

संध्याकाळी पाणी आणि मऊ फडकं घेऊन मामांनी पॅनेल स्वच्छ धुतली. दुसऱ्या दिवशी पंप पूर्वीसारखा सकाळी लवकर बोलायला लागला. मामा म्हणाले, "म्हंजी मोटर चांगलीच हाय, काचंला मोतीबिंदू झालता व्हय!" आख्ख्या सेमिस्टरमध्ये इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नाही.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती सिस्टीमला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरलं. त्यामुळे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांवर पॅनेल बसत आहेत. वर्षभराने बिल वाढलं की घरचे म्हणणार, "सोलर म्हणजे फसवणूक." त्या वेळी घरात एकच इंजिनिअर असेल, आणि तो म्हणजे तुम्ही!

करंट मोजा, मग बोला

साधा प्रयोग सांगते. १० वॉटचं छोटं पॅनेल बाजारात मिळतं. स्वच्छ आकाश असताना दुपारी बाराच्या सुमारास मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून त्याचा शॉर्ट सर्किट करंट मोजा. चांगल्या उन्हात तो ०.६ अँपिअरच्या आसपास येतो. मग लगेच पॅनेल स्वच्छ पुसून परत मोजा. समजा, आधी ०.५४ आणि नंतर ०.६० आला. ०.५४ भागिले ०.६० म्हणजे ०.९०. म्हणजे १० टक्के प्रकाश धुळीने खाल्ला होता. झालं! दोन्ही रीडिंग दोन-तीन मिनिटांत घ्या, म्हणजे मध्ये ऊन बदलणार नाही.

मोठ्या सोलर प्रकल्पात हेच तत्त्व वापरतात. दोन सारखी पॅनेल शेजारी ठेवतात. एक रोज पुसायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोघांच्या करंटचं गुणोत्तर म्हणजे घाणीचा रोजचा रिपोर्ट.

एक ताकीद: हा प्रयोग छोट्या सुट्या पॅनेलवरच करायचा. गच्चीवरच्या जोडलेल्या पॅनेलच्या वायरला हात लावायचा नाही. तिथे दहा-दहा पॅनेल सिरीजमध्ये मिळून ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं. खालून इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर ते व्होल्टेज असतंच. सूर्याला स्विच नसतो!

किती दिवसांनी धुवायचं?

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटमध्ये 'इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी' नावाचं एक सूत्र आहे. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते विसरतो. इथे अगदी तेच लागू होतं.

हिशेबाला सोपं जावं म्हणून २० किलोवॉटची सिस्टीम धरू. आपल्याकडे एका किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर झाले ८० युनिट. समजा, प्रयोगात असं निघालं की रोज ०.३ टक्के उत्पादन कमी होतं. आणि युनिटचा दर ८ रुपये धरू. मग ८० × ०.००३ × ८ म्हणजे १ रुपया ९२ पैसे. पहिल्या दिवशी नुकसान १.९२ रुपये, दहाव्या दिवशी १९.२०, विसाव्या दिवशी ३८.४०. आलेख काढला तर त्रिकोण होतो. वीस दिवसांचं एकूण नुकसान म्हणजे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ: अर्धा × २० × ३८.४० = ३८४ रुपये.

एकदा धुण्याचा खर्च, म्हणजे मजुरी आणि पाणी, ४०० रुपये धरला तर सर्वात फायद्याचं अंतर असं निघतं:

दिवस = √(२ × धुण्याचा खर्च ÷ रोज वाढणारं नुकसान) = √(८०० ÷ १.९२) = साधारण २० दिवस.

आता खर्च २०० रुपये धरा, उत्तर येतं १४ दिवस. ८०० धरा, २९ दिवस. धूळ कमी असेल, म्हणजे रोज ०.१ टक्काच, तर ४०० रुपये खर्चाला उत्तर येतं ३५ दिवस. सूत्र पाठ करायचं नसेल तर नुसती कल्पना लक्षात ठेवा: साठलेलं नुकसान धुण्याच्या खर्चाएवढं झालं की धुवा. त्याआधी धुतलं तर मजुरी वाया, नंतर धुतलं तर वीज वाया. खरी धूळ अशी कायम सरळ रेषेत वाढत नाही. काही काळाने तिची वाढ मंदावते, आणि चांगला पाऊस झाला की घड्याळ परत शून्यावर येतं. पण ठरवायला एवढं पुरे.

पाणी, फडकं आणि जीव

धुण्याची पद्धत चुकली तर धुळीपेक्षा जास्त नुकसान होतं. म्हणून हे मुद्दे नोटीस बोर्डवर लावण्यासारखे:

१) वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची. उन्हाळ्यात दुपारी पॅनेल ६० अंशांच्या वर तापलेलं असतं. त्यावर गार पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो, आणि पाणी लगेच वाळून डाग पडतात.

२) कोरडं फडकं घासायचं नाही. धुळीत वाळूचे कण असतात, ते काचेवर ओरखडे पाडतात. आधी पाणी, मग मऊ फडकं किंवा स्पंजचा वायपर. तारेची घासणी, कपड्यांची पावडर, अॅसिड यांतलं काहीही नको. काचेवरचा प्रकाश शोषून घ्यायला मदत करणारा पातळ थर त्यांनी जातो.

३) कबुतरांची वाळलेली विष्ठा खरवडायची नाही. ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा, आपोआप सुटते.

४) बोअरचं जड पाणी वापरलं तर शेवटी वायपरने पाणी पूर्ण निपटून काढा, नाहीतर क्षार राहतात. वॉटर प्युरिफायरमधून बाहेर जाणारं पाणी यासाठी अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. सर्वात उत्तम म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी.

५) पॅनेलवर पाय ठेवायचा नाही. काच फुटणार नाही कदाचित, पण आतल्या सेलला केसासारख्या भेगा जातात आणि त्या वर्षांनी त्रास देतात.

६) फुटलेलं पॅनेल किंवा उघडी वायर दिसली तर पाणी मारायचं नाही. आधी इलेक्ट्रिशियन.

७) कठड्याच्या कडेला एकट्याने चढायचं नाही. चार युनिटपेक्षा माणूस मोठा आहे.

आता पाण्याचं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दिलेला अंदाज असा की जगभरात पॅनेल धुवायला वर्षाला सुमारे १० अब्ज गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८०० कोटी लिटर पाणी लागतं. म्हणून वाळवंटातल्या प्रकल्पांत बिनपाण्याचे रोबो फिरतात. आपल्यासारख्या एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्यांनी तर पाइप मोकळा सोडून पॅनेल धुणं हा गुन्हाच समजावा! ४०० वॉटची ५० पॅनेल, प्रत्येकी दोन लिटर, म्हणजे १०० लिटर. पाच बादल्यांत काम होतं. केरळात कोची विमानतळावर पॅनेलच्या खाली भाजीपाला पिकवतात आणि धुतलेलं पाणी त्यालाच जातं. आपल्याकडे निदान कुंड्यांना तरी जाईल.

आपल्याकडचं वर्ष

जून ते सप्टेंबर पाऊस काम करतो. आपण फक्त खालच्या कडेचं शेवाळ आणि कबुतरांचे ठिपके बघायचे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा नीट धुवायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दव पडतं, साखर कारखाने चालू असतात, पाचट पेटतं. धूळ ओली होऊन चिकटते ती याच काळात. मार्च ते मे सर्वात महत्त्वाचे महिने: ऊन सर्वात जास्त, धूळ सर्वात जास्त, आणि पाणी सर्वात कमी. याच दिवसांत एक टक्का म्हणजे सर्वात जास्त युनिट. वळवाचा नुसता शिडकावा झाला तर खूश होऊ नका. जोरदार सर काच धुते, पण चार थेंब धुळीचा चिखल करून जातात. अशा शिडकाव्यानंतर गच्चीवर एक चक्कर हवीच.

तर मित्रहो, माझा प्रस्ताव असा. १० वॉटची दोन पॅनेल आणि एक मल्टिमीटर, एवढ्या सामानावर एक मिनी प्रोजेक्ट होऊ शकतो. सेकंड इयरच्या चार जणांनी रेक्टर सरांची परवानगी घेऊन, कठड्यापासून लांब, रोज दुपारी दोन रीडिंग घ्यायची आणि वहीत लिहायची. वर्षभरात आपल्या गच्चीचा स्वतःचा आलेख तयार होईल. बोस्टनचा नाही, गांधीनगरचा नाही, आपला. त्यावरून कधी धुवायचं, किती पाणी लागेल, पावसाच्या पाण्याची टाकी केवढी हवी, हे अंदाजाने नाही तर आकड्याने ठरेल. हॉस्टेलच्या ऑफिसलाही बिलाच्या शेजारी ठेवायला एक कागद मिळेल. आणि व्हायवाला "प्रोजेक्टचा उपयोग काय?" असं विचारलं, तर निदान या वेळी गप्प बसावं लागणार नाही!

ज्यांना यात यायचं आहे त्यांनी परीक्षा संपल्यावर मला भेटा. फडकं मी आणते, बादली तुम्ही आणा.